हेडफोनला जोडायची डबी : घ्यावी की न घ्यावी?

इंदापूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे शिक्षक बारामतीला आमच्याकडे आले, ते एका विद्यार्थ्याला घेऊनच. मुलगा बारावीचा, पखवाज शिकणारा. मोबाइल आणि हेडफोन यांच्यामध्ये जोडायची काड्यापेटीएवढी डबी त्याने सहा हजार रुपयांना आणली होती. पैसे सुट्टीत काम करून साठवलेले. विकणाऱ्याने आठ दिवसांत परत घ्यायचे कबूल केले होते, त्यातले पाच दिवस सरले होते. "सर म्हणतात फरक नाही, पण मला तर ढळढळीत ऐकू येतो," असे त्याचे म्हणणे. दोघांनाही खोटे ठरवायची आमची इच्छा नव्हती; मोजून पाहायची मात्र होती.

या डबीत दोन गोष्टी असतात. पहिली डॅक, म्हणजे आकड्यांचे विद्युतदाबात रूपांतर करणारी चिप. दुसरी वर्धक, म्हणजेच अ‍ॅम्प्लिफायर. दोहोंचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

मोबाइलमध्ये गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने घालून दिलेले माप आजही पुरते : सेकंदाला ४४,१०० आकडे आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. वर्गात हमखास प्रश्न येतो की, मग आवाज पायऱ्यापायऱ्यांचा, खडबडीत नाही का होणार? नाही होत. तरंगातील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले, तर त्या नमुन्यांतून मूळ तरंग जसाच्या तसा परत मिळतो. याचे बीज नायक्विस्ट यांच्या १९२८च्या लेखात आहे आणि १९४९ मध्ये शॅनन यांनी ते सिद्धतेसह मांडले. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ, तीही वयाबरोबर घसरणारी (आमची आणि वाचक शिक्षकांची केव्हाच घसरली असेल). पायऱ्यांमुळे उरते ती फक्त एक मंद सरसर, सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा सुमारे ९६ डेसिबलने खाली.

आता मुलाच्या मोबाइलमधले आवडते ध्वनिमुद्रण पाहा. तुकाराममहाराजांच्या पालखीच्या बेलवाडीतल्या गोल रिंगणाचे, त्याने स्वतः टिपलेले. त्यात टाळ-मृदंगामागे हजारो माणसांचा गलबला आहे. तो ९६ डेसिबल सोडाच, तीसही खाली नसेल. डबी कितीही महाग असो, मुद्रणात शिरलेला गलबला ती काढू शकत नाही.

२००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. अधिक बारकाईची मानली जाणारी ध्वनिमुद्रणे एकदा तशीच, एकदा सीडीच्या मापात उतरवून ऐकवली. ५५४ वेळा विचारले, त्यांत २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते.

ज्या मोबाइलला हेडफोनचे भोकच नाही, त्याला काहीतरी जोड लागतोच. पण काहीशे रुपयांच्या जोडातही डॅक असतो. (काही स्वस्त जोडांत नुसती तार असते आणि ते मोजक्याच मोबाइलवर चालतात, एवढे विचारून घ्यावे.) ब्लूटूथवर ऐकणाऱ्याचा डॅक तर कानातल्या बोंडातच असतो. बाहेरची डबी त्याच्या कामाची नाही.

वर्धकाची गोष्ट निराळी. इथे अकरावी-बारावीचे गणित पुरते. समजा जोड अर्धा व्होल्ट देतो. हेडफोनचा रोध ३२ ओहम असेल तर शक्ती V²/R, म्हणजे सुमारे ८ मिलिवॅट. १ मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा हेडफोन यावर १०९ डेसिबलपर्यंत जातो, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. पण स्टुडिओत वापरतात तसा ३०० ओहमचा हेडफोन घेतला, तर शक्ती ०.८ मिलिवॅटवर येते. तो १ मिलिवॅटला ९७ डेसिबल देणारा असेल, तर कमाल आवाज ९६. संगीताचा सरासरी आवाज थापेच्या क्षणिक उसळीपेक्षा १५-२० डेसिबल खाली असतो; म्हणजे सरासरी ७६ ते ८१. खयालाची संथ आलापी यावर दबकीच वाटेल. अशा हेडफोनला वर्धक घेणे हा अपव्यय नव्हे.

आणखी एक खरा फरक वर्धकाच्या स्वतःच्या रोधाचा. इअरफोनचा रोध वारंवारतेप्रमाणे बदलतो. एखाद्याचा तो एके ठिकाणी ८ आणि दुसरीकडे ३२ ओहम असेल आणि जुन्या संगणकाचा रोध १० ओहम, तर विद्युतदाबाचा वाटा पहिल्या ठिकाणी ८/१८ आणि दुसऱ्या ठिकाणी ३२/४२ पडतो. हा फरक जवळपास ५ डेसिबलचा, कुणालाही ऐकू येणारा. चांगल्या डबीचा रोध एका ओहमच्या आसपास किंवा कमी असतो, म्हणून तिथे हा घोटाळा होत नाही.

मुलाचा इअरफोन ३२ ओहमचा होता. मग आम्ही परीक्षा घेतली. दोन मोबाइलांत एकच मुद्रण. एकाला त्याचे स्वतःचे भोक, दुसऱ्याला डबी. दोन्ही पडद्याआड. नाणे उडवून सरांनी पिन बदलायची, सोळा वेळा. मुलाने पंधरा वेळा अचूक ओळखले! सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मग मल्टिमीटर काढला. इअरफोन जोडलेला ठेवून १०० हर्ट्झचा स्वर वाजवला आणि ए.सी. विद्युतदाब मोजला. डबीचा दाब दुसऱ्याच्या १.२६ पट, म्हणजे आवाज २ डेसिबलने मोठा. एवढा फरक कानाला 'मोठा' असा कळत नाही, 'अधिक स्वच्छ' असा कळतो. मोबाइलवरच्या आवाजाच्या पायऱ्या मोठ्या असल्याने मुद्रणाच्या फाइलमध्येच आवाज कमी करून दोन्ही सारखे केले. पुन्हा सोळा फेऱ्या. या वेळी नऊ बरोबर. सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी. नऊला तसे वजन नाही. (हे बारावीच्या मुलांनी द्विपद विस्ताराने काढून पाहावे.)

मुलगा थोडा हिरमुसला. बोलता बोलता कळले की तो ऐकतो ते एस.टी.त, निमगाव केतकी-बारामती जाता-येता. गाडीची घरघर बुडवायला तो आवाज पुरा चढवतो. गाडीत ८० डेसिबल धरले, तर त्यावर संगीत ९५ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मापाप्रमाणे प्रौढांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालते आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९५ ला उरतात ७५ मिनिटे, आठवड्याची! त्याची ती एक-दोन दिवसांतच संपत होती. आणि नव्या डबीत तर आवाज आणखी चढवायची सोय होती.

त्याने डबी सातव्या दिवशी परत केली. त्यातल्या थोड्या पैशांत कानाच्या भोकात घट्ट बसणारी योग्य मापाची रबरी बोंडे आणली. बाहेरचा गोंगाट त्यांनी इतका अडवला की आता मोबाइलचा आवाज निम्म्यावर पुरतो, असा सरांचा निरोप आला. पडद्याआडची परीक्षा त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वहीत घातली आहे. मल्टिमीटर मात्र अजून आमचाच त्यांच्याकडे आहे.