रेडिओवर आवड कोणाची?

परवा सकाळी कणीक मळताना रेडिओवर किशोरकुमारचं गाणं लागलं. भाजी निवडणाऱ्या माझ्या सासूबाई एकदम थांबल्या. म्हणाल्या, "मी लगीन होऊन आली न, त्याच साली याचे गाणे बंद केले होते रेडिओवर."

"मग तुम्ही काय करायच्या, आई?"

"काय करतीन? सैपाक करता करता मीच म्हणो!"

मैत्रिणींनो, आई सांगत होत्या ते अगदी खरं. १९७६ साल, आणीबाणीचे दिवस. वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला किशोरकुमारनी साथ दिली नाही. झालं! आकाशवाणी, दूरदर्शनवर त्यांची गाणी बंद. भांडण सरकारचं नि गायकाचं. शिक्षा मात्र ऐकणाऱ्यांना.

त्याआधी १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी, शास्त्रीय संगीताचे भोक्ते. सिनेमाच्या गाण्यांनी अभिरुची बिघडते, असं त्यांचं मत. आधी फिल्मी गाण्यांवर मर्यादा आली, मग निर्मात्यांशी वाद होऊन ती जवळजवळ गायबच झाली. लोकांनी काय केलं? सरळ रेडिओ सिलोन लावलं! अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' घराघरात पोहोचली. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीने विविध भारती सुरू केली.

पण त्याच काळात, १९५५ मध्ये, पुणे केंद्राने गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण दर आठवड्याला ऐकवलं. छप्पन्न गीतं, वर्षभर! चांगलं दिलं की लोक मन लावून ऐकतात, हेही तेव्हाच दिसलं.

आज बंदी नाही. तरी 'चालणारी' गाणीच सारखी वाजतात. आमच्या बचत गटातल्या म्हाताऱ्या बायांना जात्यावरच्या ओव्या, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं तोंडपाठ आहेत. "हे रेडिओवर काहून नाही लागत व ताई?" एकीने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

मग आठवलं, झुमरीतलैया हे गाव अख्ख्या देशाला कळलं ते फर्माइशीच्या पत्रांमुळेच! पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीसोबत पोस्टकार्डंही ठेवली. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सतरा कार्डं झाली. अजून काही लागलं नाही. या महिन्यात पुन्हा लिहिणार आहोत. तुम्हीही लिहा ना!