कोडाली करुप्पूरची साडी : साधने थोडी, साधना मोठी

तंजावूर म्हटले की मराठी मनाला तेथील राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास येथे आपली सत्ता स्थापिली व १८५५ पर्यंत येथे भोसले घराणे नांदले. या राजवाड्यातील राजस्त्रियांसाठी कुंभकोणम्‌जवळच्या कोडाली करुप्पूर गावी खास साडी सिद्ध होत असे. तीत विणकाम आणि कलमकारी या दोन कलांचा संगम झालेला आहे. या दोन्ही कलांची साधने कोणती, याचा हा अल्प परिचय.

विणकऱ्याची साधने

हातमाग, फणी, धोटा, तलम सुती धागा आणि सोनेरी जर एवढीच विणकऱ्याची सामग्री. जरीचे नक्षीकाम जामदानी पद्धतीचे असे. यात जर कापडाच्या संपूर्ण रुंदीतून न नेता नक्षीपुरतीच गुंफली जाते. त्यासाठी जरीच्या लहान लहान कांड्या लागतात. येवल्याची पैठणी विणताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कांड्यांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

रंगाऱ्याची साधने

विणलेले वस्त्र मग रंगाऱ्याकडे जाई. दक्षिणेतील कलमकारीचे मुख्य साधन म्हणजे बांबूची कलम. तिच्या टोकाच्या किंचित वर कापड वा लोकर गुंडाळून दोऱ्याने बांधतात. हा बोळा रंग शोषून घेतो व बोटांनी दाबताच रंग टोकाकडे उतरतो. कापडास आधी हिरडा व दूध यांचे पाणी देतात. दुधातील स्निग्धांशामुळे रंग फुटत नाही. काळ्या रेषेसाठी लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवितात. तांबडा रंग पक्का बसण्यासाठी तुरटी हवी. जो भाग रंगू द्यावयाचा नाही, त्यावर मेण लावावयाचे. धातूच्या जरीवर मात्र रंग चढत नाही. म्हणूनच गडद तांबड्या पार्श्वभूमीवर जरीची नक्षी झळकत राहते.

खरी उणीव कशाची?

बांबू, हिरडा, तुरटी, गूळ या वस्तू कोणत्याही बाजारात मिळतात. महाग होती ती जर आणि कारागिराचे महिनोन्‌महिन्यांचे श्रम. तो भार राजदरबार उचलीत असे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले, कंपनी सरकारने संस्थान खालसा केले आणि राजाश्रय संपताच ही साडीही हळूहळू लोप पावली. साधने जागेवरच होती. नाहीसा झाला तो एकमेव ग्राहक. आज तिचे नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासारख्या ठिकाणी पाहावयास मिळतात.

कलमकारी मात्र तगली, कारण तिला दुसरा ग्राहक लाभला होता. मंदिरांची छते, तोरणे व रथांची आच्छादने रंगविण्याचे काम सिक्कलनायक्कनपेट्टै येथील कारागिरांनी चालू ठेवले. २०२१ मध्ये करुप्पूर कलमकारीस भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले.

हस्तव्यवसाय आरंभू इच्छिणाऱ्या आपल्या ग्राहकांनी आणि त्यांचे प्रस्ताव हाताळणाऱ्या सहकाऱ्यांनी यातून एक बोध अवश्य घ्यावा. साधनांच्या यादीत यंत्र व कच्चा माल यांच्याबरोबर दोन नोंदी हव्यात : माल विकला जाईपर्यंत पुरेल इतके खेळते भांडवल आणि एकाहून अधिक ग्राहक.