हॅरी पॉटर, मामा आणि एक लाल गोल

विकिपीडियावर तुम्ही शेवटचं काही वाचलंत, तेव्हा हे लिहिलं कोणी असेल, असा प्रश्न पडला होता? नाही ना? मलाही कधी पडला नव्हता. जेव्हा पडला, तेव्हा उत्तर निघालं : मीच!

तर झालं असं. मी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. मायक्रोमीटर घेऊन दिवसभर लोकांचे जॉब रिजेक्ट करायचे, हा आपला धंदा. एका शनिवारी भाची प्रोजेक्टची वही घेऊन तणतणत घरी आली. विषय होता ‘मराठीत आलेली परदेशी पुस्तकं’. तिने ‘हॅरी पॉटर आणि परीस’ निवडलं होतं आणि अनुवादक म्हणून मंजूषा आमडेकरांचं नाव लिहिलं होतं. बाईंनी त्याभोवती लाल पेनाने भला मोठा गोल केला होता.

‘‘मामा, मराठी विकिपीडियावर तसंच आहे!’’

मी लेख उघडला. होतंच तसं. मग ‘इतिहास’वर क्लिक केलं. तिथे प्रत्येक बदल कोणी, कधी केला याची नोंद असते. ते वाक्य चार वर्षांपूर्वी रात्री पावणेदोनला घालणारा सदस्य मीच होतो. पुढच्या भागांचे अनुवाद आमडेकरांचे, म्हणजे पहिलाही त्यांचाच असणार, असं मी धरून चाललो. पुस्तक उघडून बघितलंच नाही. पहिला भाग मराठीत आणला बाळ ऊर्ध्वरेषे यांनी. एका माणसाची अख्ख्या पुस्तकाची मेहनत मी अर्ध्या ओळीत पुसून टाकली होती.

भाचीचा पुढचा प्रश्न तर जास्तच झोंबला. ‘‘मग तिथलं काहीच खरं नसतं का?’’

आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. तीन रविवारची मिसळ पार्टी कॅन्सल!

रविवार पहिला : झाडलोट

लेख इन्स्पेक्शनला घ्यावा तसा वाचला. कथानक मारुतीच्या शेपटीसारखं लांबलेलं. ट्रोल, आरसा, बुद्धिबळाचा पट, सगळं साग्रसंगीत. आणि हॅरी जणू आपल्या कॉलेज रोडवर राहतो, अशा थाटात त्याचं चरित्र! ज्ञानकोशात कादंबरीवर लिहिताना कादंबरीच्या बाहेर उभं राहावं लागतं. हॅरीचा वाढदिवस ३१ जुलै, हे कथेतलं सत्य. पुस्तक २६ जून १९९७ रोजी ब्लूम्सबरीने काढलं, हे आपल्या जगातलं. दोन्हींची सरमिसळ झाली की लेखाची फॅन-वही होते. ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारं’ ही विशेषणंही उडवली. असं कोणा समीक्षकाने म्हटलं असेल तर त्याचं नाव द्या. नाहीतर ते माझं मत, आणि माझ्या मताला तिथे जागा नाही. हात जड झाला, पण कापलं.

रविवार दुसरा : पुरावा

भाचीच्या मैत्रिणीकडून पुस्तक आणलं, आतलं पान उघडलं आणि अनुवादकाचं नाव नीट उतरवून घेतलं. प्रकाशक भोपाळचं मंजुल. मग बाकीची माहिती एकेक करून तपासली. पहिल्या आवृत्तीच्या पक्क्या बांधणीच्या जेमतेम ५०० प्रती निघाल्या होत्या. १९९८ मध्ये अमेरिकेत पुस्तकाचं नाव बदलून ‘सॉर्सरर्स स्टोन’ झालं. २००१ मध्ये सिनेमा आला. प्रत्येक वाक्यापुढे संदर्भ. जिथे मिळाला नाही तिथे ‘संदर्भ हवा’ असा साचा, म्हणजे आमच्या भाषेत ‘होल्ड’चं लेबल!

रविवार तिसरा : परीस

मराठी वाचकाला इंग्रजी लेखात जे मिळणार नाही, ते इथे मिळायला हवं, असं वाटत होतं. उदाहरणार्थ, ‘फिलॉसॉफर्स स्टोन’चं शब्दशः भाषांतर केलं तर होतो तत्त्वज्ञाचा दगड. कोण वाचेल? ‘परीस’ म्हटलं की लोखंडाचं सोनं आजीलाही कळतं. पण कथेतला दगड अमरत्वाचं पेयही देतो. ते काम आपल्या परिसाचं नाही. म्हणजे शब्द भन्नाट, तरी अर्थ थोडा सांडतोच. हे सगळं मी उत्साहाने लिहिलं आणि थांबलो. हे तर माझंच निरीक्षण! विकिपीडियावर स्वतःचं संशोधन चालत नाही. मग फक्त दोन्ही शब्दांचे अर्थ ठेवले आणि बाकीचं काढलं. तुम्हाला इथे सांगून हौस भागवून घेतोय.

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी. त्याच्या कितीतरी आधी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड तडीस नेले. आपल्याला एक लेख नीट करायचाय, तोही पंख्याखाली बसून. तक्रार कसली करायची?

लेख झाल्यावर भाचीला बोलावलं. आधी ‘इतिहास’ दाखवला. माझी चूक अजून तिथेच आहे, तारीख-वेळेसकट. पुसता येत नाही. खाली दुरुस्तीही आहे. म्हटलं, ‘‘तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. खरं असतं, पण कोणीतरी तपासलं तर.’’

तिने ऐकल्यासारखं केलं आणि लेख वाचायला लागली. दोन मिनिटांनी हसली.

‘‘मामा, तत्त्वज्ञमधल्या जोडाक्षरात दोन त असतात. तू एकच लिहिलायस.’’

लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. तिने आधी घरातला शब्दकोश काढून बघितलं, मगच ‘संपादन’ दाबलं.

क्वालिटी इन्स्पेक्टर पास झाली!