मामींनी पाहिलेलं ‘विमान’ किती दूर होतं?

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास बुलडाणा, अकोल्यापासून थेट चंद्रपूरपर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारे ठिपके पाहिले. चिखलीजवळ राहणाऱ्या माझ्या मामी आजही ठामपणे सांगतात, “विमान पेटलं होतं बाप्पा, पलीकडच्याच शिवारात पडलं!” प्रत्यक्षात त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, धातूचं मोठं कडं सापडलं. फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च 3बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष, असं अभ्यासकांचं मत पडलं. चिखलीपासून सरळ रेषेत हे अंतर साधारण 350 किमी.

मग मामी खोटं बोलतात का? नाही. गणित करून बघू.

वस्तू h मीटर उंचीवर असेल, तर ती क्षितिजावर टेकलेली दिसण्याचं अंतर सुमारे 3.57√h किमी. (उंची आजूबाजूच्या जमिनीपासून धरायची. समुद्रसपाटीपासून धरली की घोळ झालाच.) 10 किमी उंचीवरचं विमान 357 किमीवरून, तर 80 किमीवर जळणारा रॉकेटचा तुकडा हजारेक किमीवरूनही दिसू शकतो. डोंगर, झाडं, धूळ आडवी आली तर अर्थात कमी. म्हणजे हे सूत्र ‘दिसणं शक्य होतं का’ एवढंच सांगतं. काय दिसलं, ते नाही.

खरी गोम इथे आहे. क्षितिजापासून 10 अंश वर, म्हणजे हात लांब केल्यावर एका मुठीएवढ्या उंचीवर, एक ठिपका आहे. तो 55 किमीवरचं विमान असू शकतो किंवा 390 किमीवरचा जळता तुकडा. डोळ्याला दोन्ही सारखेच. अंधारात अंतर कळायला आधारच नसतो, म्हणून मेंदू ओळखीचं शिवार पकडतो. शिवाय उजेड विझला तिथेच तुकडा पडतो असंही नाही. विझल्यावरही तो पुढे बराच जातो.

फरक वेगातून कळतो. आडवं जाणारं विमान (ताशी 900 किमी) तिथे एक मूठ ओलांडायला साधारण 40 सेकंद घेईल. सेकंदाला साडेसात किमी जाणारा तुकडा? जेमतेम 9.

म्हणून साक्षीदाराला “किती दूर होतं?” विचारूच नका. ते त्याने पाहिलेलंच नसतं. दिशा, मुठी आणि वेळ विचारा. आणि त्याच जागी उभं करून विचारा.

मामींना मी गच्चीवर नेलं. त्यांनी हात लांब करून पाण्याच्या टाकीपासून कडुनिंबापर्यंत हळूहळू फिरवला, “असं गेलं, एवढ्या वेळात.” तीन मुठी. मी मनात आकडे मोजत होतो. आठवण जुनी, त्यामुळे चूक धराच, पण विमानाला दोन मिनिटं लागली असती. माझे सव्वीस झाले होते.