अण्णा साळुंके: पडद्यावरची पहिली तारामती

नाशिकमध्ये सिनेमाचा विषय निघाला की त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचे नाव येते आणि ते यायलाच हवे. पण फाळक्यांनी ज्यांच्या चेहऱ्यावर भिस्त ठेवली, त्या कृष्णा हरी ऊर्फ अण्णा साळुंके यांच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. आपल्याकडच्या चित्रपट अभिनेत्यांची परंपरा सांगायची तर सुरुवात त्यांच्यापासून करावी लागेल.

१९१२ साली फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाची जुळवाजुळव चालली होती आणि हरिश्चंद्राची राणी तारामती काही केल्या मिळत नव्हती. घरंदाज बायका सोडाच, नायकिणीही सिनेमाला तयार होईनात. शेवटी मुंबईत ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात फाळक्यांची नजर तिथल्या शेलाट्या बांध्याच्या आचाऱ्यावर गेली. त्याला महिना दहा रुपये मिळत; फाळक्यांनी पंधरा देऊ केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांनी पाहिलेली तारामती म्हणजे हाच आचारी, अण्णा साळुंके.

रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीपार्ट करणे तेव्हा रूढच होते. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी त्याच वर्षी निघाली. पण तिथे गाण्याची साथ होती, वर्षांची तालीम होती. मूकपटात यातले काहीच नाही. आवाज नाही, पद नाही. उरते ती मान वळवण्याची, पदर सावरण्याची ढब. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेल्या रिळांत एक प्रसंग आहे: तारामती सख्यांसह हौदात जलक्रीडा करते आहे आणि हरिश्चंद्र तिला बोलवायला येतो. हौदातल्या सगळ्या ‘सख्या’ पुरुष आहेत. ओल्या लुगड्यांत त्यांना वावरताना पाहिले की त्या कामाची अवघड बाजू कळते.

पुढे फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकी पडद्यावर आल्या, तरी चार वर्षांनी ‘लंकादहन’च्या सीतेसाठी फाळके पुन्हा साळुंक्यांकडेच वळले. या १९१७ च्या चित्रपटात रामही तेच होते. भारतीय चित्रपटातली ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. कथेतही सोय होती: सीताहरणानंतर दोघांची ताटातूटच असते. पण पाहणाऱ्याला दोघांचेही दुःख पटले पाहिजे, ही जबाबदारी एकाच नटावर होती. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, अशी नोंद आहे. त्या भक्तीत कथेचा वाटा मोठा, हे खरे; पण समोरचा राम खोटा वाटला असता तर वहाणा पायातच राहिल्या असत्या.

१९१८ साली नाशिकमध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. तिथे साळुंके अभिनयावर थांबले नाहीत. ते कॅमेऱ्यामागे गेले आणि कंपनीचे छायाचित्रकार झाले. चेहरा पडद्यावर कसा उमटतो, हे त्यांनी दोन्ही बाजूंनी जाणले. असा अनुभव त्या काळी फार थोड्यांच्या वाट्याला आला.

आज मालिकांत आणि चित्रपटांत आई, मामा, हवालदार, मुनीम साकारणारे कसदार नट प्रसंग तोलून धरतात. नाव मात्र नायकाचे होते. साळुंक्यांच्या बाबतीत तर मुख्य भूमिका करूनही नाव मागे पडले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे जाण्याआधी ‘राजा हरिश्चंद्र’ची शिल्लक रिळे जरूर पाहा आणि मुलांना सांगा की ती तारामती म्हणजे अण्णा साळुंके. नाशिकच्या चित्रपट-इतिहासात फाळक्यांच्या शेजारी त्यांचे नाव हक्काने यायला हवे.