भुताचें येणें

श्रोतेहो, भुताखेतांच्या गोष्टींची गोडी मुलांना शोभते, पोक्त माणसाला नव्हे, असा आपल्याकडे एक सार्वत्रिक समज आहे. तो मला मान्य नाहीं. शाळामास्तरकींत आयुष्य काढलेल्या माणसानें भयपटांवर बोलावें हें कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनीं ज्यांची झोप उडविली त्या पिढींतला मी आहें. गेल्या आठ-दहा वर्षांत या जातीचे जे चित्रपट व ज्या मालिका निघाल्या त्यांतील पुष्कळशा मीं पाहिल्या. कांहीं थिएटरांत, कांहीं नातवाच्या मोबाइलवर. त्यांत चांगलें कोणतें आणि टाकाऊ कोणतें हें ठरविण्याची माझी एक कसोटी आहे. ती आज आपणांपुढें मांडतों.

ही कसोटी मीं परक्या मुलखांतून आणलेली नाहीं. ती आपल्या लोकसमजुतींतच आहे. आपल्याकडे नुसतें ‘भूत’ असें कधीं नसतें. त्याला जात असते, नांव असतें, राहण्याची जागा असते, आणि मुख्य म्हणजे कारण असतें. मुंज होऊन सोडमुंज होण्यापूर्वीं जो मुलगा मेला तो मुंज्या. त्याचा वास पिंपळावर. बाळंतपणांत जिचा जीव गेला ती अलवंतीण. ज्याचें क्रियाकर्म करण्यास मागें कोणी उरलें नाहीं तो समंध. पुरलेल्या धनावर तो बसून राहतो असें म्हणत. पाण्याकांठचा गिऱ्हा, रात्रीं वाट चुकविणारा चकवा, हीं नांवें कोंकणांतल्या वृद्धांना अजून पाठ असतात. ही यादी नीट पाहिली म्हणजे ध्यानांत येतें कीं, यांतील बहुतेकांचें कांहीं तरी राहून गेलेलें आहे. मुलाचें लग्न राहिलें, बाईचें पोर पाहावयाचें राहिलें, म्हाताऱ्याचा पिंड राहिला. वाण्याच्या वहींत जशी येण्याची एक बाजू असते, तसें भूत म्हणजे जिवंत माणसांकडे राहिलेलें कोणाचें तरी येणें. म्हणून भयपट पाहतांना मी विचारतों: या भुताचें येणें काय आहे, आणि तें कोणाकडे आहे? ज्या चित्रपटापाशीं या प्रश्नाचें उत्तर असतें तो बहुधा चांगला निघतो. ज्यापाशीं नसतें तो नुसता आरडाओरडा.

आरडाओरडा हा शब्द मीं मुद्दाम वापरला. दचकणें निराळें आणि भिणें निराळें. नायिका कपाटाचें दार लावते, आरशांत मागें कोणी उभें दिसतें आणि त्याच क्षणीं वाद्यांचा दणका होतो. आपण खुर्चींत उडतों. ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. पाठीमागें फटाका वाजला तरी तीच होते, आणि निजलेलें तान्हें मूलहि तसेंच दचकतें. तिला कथा लागत नाहीं. भीतीला मात्र कथा लागते; कारण पुढें काय होणार याची चाहूल आणि तें होऊं नये ही इच्छा, या दोहोंच्या कात्रींत मन सांपडल्यावांचून भीति निपजत नाहीं. दणक्याची भीति थिएटरच्या पायरीवर संपते. दुसरी आपल्याबरोबर घरीं येते.

अशी घरीं येणारी भीति मला पुष्कळ वर्षांनीं ज्या चित्रपटानें दिली तो २०१८ सालचा ‘तुंबाड’. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. नांव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेलें, मूळ प्रेरणा धारपांच्या एका कथेची. परंतु कथानक या दोघांचेंहि नव्हे. कोंकणांत अखंड पाऊस, एक पडका वाडा, आणि वाड्याच्या पोटांत पृथ्वीमातेचें गर्भाशय. तेथें हस्तर राहतो. हा हस्तर आपल्या पुराणांत कोठें सांपडावयाचा नाहीं. तो चित्रपटकर्त्यांनीं रचला आहे, पण इतक्या बेतानें रचला आहे कीं, आजीच्या तोंडून लहानपणीं ऐकला होता असें वाटावें. तो देवीचा पहिला मुलगा. सोनें त्याचें झालें. धान्याचा लोभ धरला म्हणून त्याला अन्न वर्ज्य झालें. सोन्याचा धनी आणि अन्नाला महाग! विनायक नांवाचा मनुष्य कणकेची बाहुली घेऊन दोरानें खालीं उतरतो, तो भुकेला जीव बाहुलीवर तुटून पडला कीं, त्याच्या लंगोटींतल्या मोहोरा ओढून घेतो आणि वर चढतो. त्याला पळवून लावणारा मंत्र कोणापाशीं नाहीं; कणकेचें रिंगण, तेवढाच आडोसा.

आतां माझी कसोटी लावून पाहा. येणें कोणाचें? हस्तरचें, त्याला मूठभर कणीक हवी. बुडवितो कोण? विनायक. म्हणजे या कथेंत भीति वाटावयाची ती राक्षसाची नव्हे, तर त्याचा खिसा कापणाऱ्या गृहस्थाची. कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत चालते आणि दर टप्प्यास विनायक अधिक सुखवस्तु व अधिक पोकळ होत जातो. पुढें तो आपल्या कोंवळ्या मुलाला दोरावर चढण्या-उतरण्याची तालीम देतो. श्रोतेहो, मुलांना शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्याला त्या विहिरींतल्या लाल राक्षसापेक्षां ही शिकवणी अधिक भयंकर वाटली. बाप तन्मयतेनें शिकवितो, मुलगा हुशारीनें शिकतो, दोघांचेंहि एकमेकांवर प्रेम आहे. आणि विद्या ही! शेवटीं शापानें विद्रूप झालेला बाप ती लंगोटी मुलापुढें धरतो आणि मुलगा ती नाकारतो. हिशेब तेथें मिटतो. असा शेवट करण्यास धैर्य लागतें.

स्त्रियांच्या भुतांकडे वळूं, कारण आपल्या समाजाचें सर्वांत जुनें देणें तिकडेच आहे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट २०१७ सालीं प्रदर्शित झाला. गरोदर बाई, पतीबरोबर लपून राहण्यासाठीं उंसाच्या रानांतल्या एका घरीं येते. उंसांत मुलें खेळत असतात. तीं जिवंत नाहींत हें तिला हळू हळू कळतें; आणि त्या रानांत मुलींच्या जन्माचा काय निकाल लावला जात होता हेंहि कळतें. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींनींच बहुतेक भार उचलला आहे. भर दुपारच्या उन्हांत, उंसाच्या सळसळीनें भीति उत्पन्न करतां येते हें या चित्रपटानें दाखविलें. अंधाराचा खर्चहि फारसा करावा लागला नाहीं. याच दिग्दर्शकांनीं २०२१ सालीं हीच कथा ‘छोरी’ या नांवानें हिंदींत केली. ती वाईट नाहीं, परंतु मूळ मराठी चित्रपटाची काटकसर मला अधिक भावली.

अन्विता दत्त यांचा ‘बुलबुल’ (२०२०) १८८१ सालापासूनच्या बंगालांत घडतो. उलट्या पायांची चेटकीण जंगलांत हिंडते आणि पुरुषांचे बळी घेते अशी वदंता आहे. उलटीं पाउलें ही हडळीची खूण आपल्या मुलांनाहि ठाऊक असते. पण तीं उलटीं कां, हें कोणी विचारीत नाहीं. या चित्रपटानें तें विचारलें. बालपणीं लग्न होऊन आलेल्या त्या सुनेचे पाय तिच्या नवऱ्यानेंच लोखंडी सळईनें मारून मोडले होते. पूर्वीं जी खूण ऐकून आम्ही पांघरूण डोक्यावरून घेत होतों, तिच्यामागें असा कोणाचा तरी हात असूं शकतो, हा विचार माझ्या मनांत तोंवर आला नव्हता. चित्रपटांतला तो तांबडा प्रकाश जरा अति आहे, तेवढें सोसावें.

अमर कौशिक यांची ‘स्त्री’ (२०१८) विनोदाच्या अंगानें जाते. चंदेरी गांवांत रात्रीं पुरुषांना उचलून नेणारी बाई. तिला चुकविण्यासाठीं लोक भिंतीवर ‘उद्यां ये’ अशा अर्थाचें लिहून ठेवतात, आणि ती मुकाट्यानें परत जाते. देणेकऱ्याची ही जुनीच युक्ति! शेवटीं गांवकरी तिला मान देतात, राखण करण्याची विनंति करतात, आणि कर्ज फिटतें. इतकें नेटकें झाल्यावर २०२४ साली दुसरा भाग आला आणि त्यानें तुफान गर्दी खेंचली. त्यांत मुंडकें तुटलेला एक पुरुष शिकल्या-सवरलेल्या मुलींना पळवितो. कल्पना मार्मिक होती. पण तिचा शेवट मारामारींत झाला. भुताशीं कुस्ती खेळूं लागलें कीं, तें भूत राहत नाहीं, पहिलवान होतें.

त्याच वर्षीं आलेला आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ आपल्या अधिक जवळचा. १९५२ सालच्या कोंकणांतला एक बटु आपल्याहून वयानें मोठ्या मुलीशीं लग्न करण्याचा हट्ट धरतो, त्यासाठीं सख्ख्या बहिणीचा बळी द्यावयास निघतो, आणि त्यांत स्वतःच मरतो. त्याचें मागणें पिढ्या उलटल्या तरी तेंच: लग्न लावा! येथें एक नवा मुद्दा हातीं लागला होता. हें येणेंच खोटें आहे. कारण मुलगी ही कोणाचें येणें नव्हे. ‘मला हवी म्हणजे ती माझी’ हा हट्ट मेल्यावरहि जात नाहीं, ही खरी धास्ती. चित्रपटाला हें दिसलें होतें, परंतु हंशा आणि पाठलाग यांच्या गडबडींत तें निसटलें. शिवाय संगणकावर घडविलेला तो मुंज्या इतक्या वेळां आणि इतक्या उजेडांत दाखविला आहे कीं, मध्यंतरानंतर त्याची संवय होते. सुहास जोशी यांची आजी मात्र अस्सल.

मालिकांविषयीं थोडें. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ सालीं सुरू झाली आणि मालवणी बोली घरोघर पोंचली. २०१९ सालीं दुसऱ्या भागांत मागची हकीकत सांगितली. मेलेल्या अण्णा नाइकांपेक्षां जिवंत अण्णा किती भयप्रद हें माधव अभ्यंकरांनीं दाखविलें. पण रोजच्या मालिकेची अडचण निराळी आहे. भुताचें येणें फिटलें तर मालिका संपते. म्हणून तें फिटूं द्यावयाचें नसतें. नुसतें व्याज चढत जातें. याउलट ‘घूल’ (२०१८) ही पॅट्रिक ग्रॅहम यांची हिंदी मालिका तीन भागांत आटोपते. स्वतःच्या बापाला पकडून देणारी एक तरुण अधिकारी, एक गुप्त तुरुंग, आणि प्रत्येकाचें लपविलेलें पाप त्याच्यापुढें ठेवणारें अरबी लोककथांतलें एक पिशाच. तें कोणीं बोलाविलें हें मी सांगत नाहीं.

अशा चित्रपटांनीं अंधश्रद्धा वाढते काय, असें मला पुष्कळ जण विचारतात. प्रश्न योग्य आहे. महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा केला, तो उगीच नव्हे. ज्या वर्षीं कायदा झाला त्याच वर्षीं डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. मला असें वाटतें कीं, अपाय भुतापासून होत नाहीं, मांत्रिकापासून होतो. ज्या कथेंत भगत येतो, अंगारा लावतो आणि सारें ठीक होतें, ती कथा पाहणाऱ्याला भगताचा पत्ता देते. ‘लपाछपी’ किंवा ‘बुलबुल’ पाहून कोणी भगताकडे जाईल असें वाटत नाहीं. मुली कोणीं मारल्या, पाय कोणीं मोडले, हेंच त्याच्या डोळ्यांपुढें राहील.

जातां जातां एक सांगतों. ‘तुंबाड’ला पहिल्या खेपेस बेताचाच प्रतिसाद मिळाला, २०२४ च्या सप्टेंबरांत तोच चित्रपट पुन्हां थिएटरांत लावला, तेव्हां त्यानें पहिल्यापेक्षां अधिक उत्पन्न केलें. ज्यांनीं अजून पाहिला नसेल त्यांनीं तो नातवाच्या मोबाइलवर पाहूं नये. तें चित्र काळोखाचें आहे, आणि दिवसाउजेडीं हातांतल्या त्या कांचेंत काळोखाऐवजीं आपलेंच तोंड दिसतें. मोठा पडदा न मिळाला तर निदान रात्रीं, दिवे घालवून पाहावा. बाहेर पाऊस असल्यास उत्तम.