युवा लेखकाची पारख

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबा काकांचे गाव. त्यांच्या घरी संतमंडळी जमली असता घडलेली एक कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी मडकी घडवण्याचे थापटणे हाती घेतले आणि प्रत्येकाच्या मस्तकावर ते मारून पाहिले. इतर संत शांत राहिले. नामदेव मात्र संतापले. हे मडके अजून कच्चे आहे, असा निकाल गोरोबांनी दिला. पुढे त्याच नामदेवांची वाणी पंजाबात पोचली व शिखांच्या ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. उमेदीच्या वयात माणसाची पारख करणे हे असे अवघड काम आहे.

तरीही ते वेळेवर करावे लागते. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या कुमाराला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. १९१८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला. केस पिकल्यावरच गौरव करावयाचा असे ठरले असते, तर ह्या कवीच्या वाट्याला तो आलाच नसता.

भारतातील भाषांच्या साहित्यासाठी १९५४ साली दिल्लीत साहित्य अकादमी स्थापन झाली. पुढील वर्षापासून तिचे वार्षिक पुरस्कार सुरू झाले. पण ते बहुधा प्रौढ व प्रथितयश लेखकांकडे जात. म्हणून २०११ पासून अकादमीने युवा पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. लेखकाचे वय पस्तीस वर्षांहून अधिक नसावे, ही त्याची मुख्य अट. चोवीस भाषांचा विचार होतो व प्रत्येक भाषेसाठी तीन परीक्षक असतात. पुरस्कारात ५०,००० रुपये आणि ताम्रफलक मिळतो. मराठीतील पहिला मान ऐश्वर्य पाटेकर ह्यांच्या ‘भुईशास्त्र’ ह्या काव्यसंग्रहाला लाभला; २०१८ साली नवनाथ गोरे ह्यांच्या ‘फेसाटी’ ह्या कादंबरीची निवड झाली.

२०२४ साली हा पुरस्कार गोरोबांच्या जिल्ह्यात आला. तो तुळजापूरच्या देविदास सौदागर ह्यांच्या ‘उसवण’ ह्या कादंबरीस मिळाला. योगायोग असा की, नामदेव शिंप्याच्या कुळातले, आणि सौदागरांनीही शिवणकामावर पोट भरलेले. त्यांनी रखवालदाराचे कामही केले. अर्थात पुरस्कार कष्टांना नव्हता, पुस्तकाला होता; गरिबी पाहून परीक्षक पुस्तक निवडीत नाहीत.

मग ह्या पुस्तकात आहे तरी काय? शिवणीचा एक टाका सुटला की शेजारचा सैल होतो, आणि वेळीच सुई लावली नाही तर पाहता पाहता सारी शिवण मोकळी होते. त्यालाच उसवणे म्हणतात. कादंबरीत वस्त्र नव्हे, तर शिवणाऱ्याचा संसारच उसवत जातो. कारण बाजारात तयार कपडे आलेले असतात.

हे कसे घडते, ते समजून घेण्याजोगे आहे. गावातला शिंपी एकेका गिऱ्हाइकाचे माप घेतो, खडूने खुणा करतो, कापड बेततो, शिवतो, काजे करतो, बटणे लावतो. कारखान्यात मात्र कापडाचे थरावर थर रचून यंत्राने एकदमच कापतात. मग एक कामगार केवळ बाह्या जोडतो, दुसरा केवळ कॉलर. काम झपाट्याने होते आणि सदरा स्वस्त पडतो. पुष्कळदा कापडाची किंमत व शिलाई ह्यांची बेरीज तयार सदऱ्यापेक्षा अधिक भरते. साहजिकच गिऱ्हाईक दुकानाकडे वळते. पूर्वी दिवाळी आणि लग्नसराई आली की शिंप्याला रात्री जागवाव्या लागत, कबूल केलेला दिवस टळला तर बोलणी खावी लागत. आता त्याच्याकडे येते ते बहुतेक किरकोळ काम: लांब विजार आखूड करणे, तुटलेली चेन बदलणे, तयार सदऱ्याची उसवलेली शिवण पुन्हा घालून देणे.